रिकाम्या होत गेलेल्या सभागृहाचा सभापती

१२ सप्टेंबर १९३२. बर्लिनच्या राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, चान्सेलर फ्रान्स फॉन पापेन हात वर करून बोलण्याची परवानगी मागत होते. त्यांच्याजवळच्या लाल दप्तरात संसद विसर्जित करण्याचा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम होता. नाझी पक्षाचा सभापती हेरमान ग्योरिंग याने मुद्दाम दुसरीकडे पाहिले आणि पापेन सरकारवरचा अविश्वास ठराव मताला टाकला. ५१२ विरुद्ध ४२ मतांनी तो मंजूर झाला. पुढे हुकूमच ग्राह्य धरला गेला, संसद विसर्जित झाली आणि पापेन पदावर राहिले. पण सभापतीने ‘दिसलेच नाही’ म्हटले की काय होते, हे त्या दिवशी कळून आले.

ग्योरिंग त्या खुर्चीवर बसून दोनच आठवडे झाले होते. त्याआधी १९२० ते १९२४ आणि १९२५ ते १९३२ अशी सुमारे अकरा वर्षे ती खुर्ची सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या पाउल ल्योबे यांनी सांभाळली होती. आपल्याकडे वायमार प्रजासत्ताकाची चर्चा हिटलर, हिंडेनबुर्ग आणि चलनफुगवटा यांच्याभोवती फिरते. ल्योबे यांचे नाव त्यात सहसा येत नाही.

त्यांचा जन्म १८७५ सालचा, सायलेशियातल्या लिग्नित्स गावचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील सुतार. मुलगा छापखान्यात जुळारी झाला. खिळे जुळवता जुळवता वाचन वाढले आणि पुढे ब्रेस्लाऊ शहरातल्या पक्षाच्या ‘फोल्क्सवाख्ट’ या दैनिकाचा तो संपादक झाला. त्या वेळी प्रशियात मतदारांचे, ते भरत असलेल्या करानुसार, तीन वर्ग पाडलेले असत. मूठभर धनिकांच्या मताचे वजन हजारो कामगारांच्या मतांइतके भरे. त्याविरुद्ध लिहिल्याबद्दल ल्योबे यांनी तुरुंगवासही भोगला. म्हणून १९१९ मध्ये स्त्रीपुरुषांच्या समान मताधिकारावर निवडून आलेल्या राष्ट्रीय सभेत ते गेले, तेव्हा संसदेचे मोल त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

सभापती म्हणून त्यांची ख्याती निःपक्षपातीपणाची होती. पण १९३० च्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या आणि ते तपकिरी गणवेशात सभागृहात आले. फेब्रुवारी १९३१ मध्ये कामकाजाचे नियम कडक झाले, तेव्हा ते सभात्याग करून निघून गेले. नियमांनी गोंधळाला आळा घातला खरा, पण सत्ता तोवर दुसऱ्याच वाटेने चालू लागली होती. राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांनी कारभार होऊ लागला. १९३० मध्ये राइशस्टागच्या ९४ बैठका झाल्या होत्या, १९३२ मध्ये अवघ्या १३. सभागृहात शिस्त राखणे सभापतीच्या हाती असते. सभागृहाला काम देणे त्याच्या हाती नसते.

इथवरची कथा सज्जनाच्या पराभवाची आहे. पुढची अधिक अवघड आहे. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या ९४ सदस्यांनी मत दिले. विरोधात गेलेला तो एकमेव पक्ष. पण १७ मे रोजी याच पक्षाच्या उरलेल्या सदस्यांनी हिटलरच्या परराष्ट्र धोरणाच्या निवेदनाला पाठिंबा दिला. पक्षाचे काही नेते देशाबाहेर जाऊन लढा चालवू पाहत होते. ल्योबे मायदेशी राहून कायद्याच्या चौकटीत पक्ष जगवू पाहणाऱ्यांचे अग्रणी होते. १९ जूनला त्यांच्या पुढाकाराने बर्लिनमध्ये नवी कार्यकारिणी निवडली गेली. तीत एकही ज्यू नव्हता. तीनच दिवसांनी पक्षावर बंदी आली आणि ल्योबे यांना अटक झाली.

या तडजोडीतून काहीच वाचले नाही. ज्या राज्यात कायदा उरला नव्हता, तिथे कायदेशीर राहण्याची धडपड त्यांनी केली आणि त्यासाठी आपल्याच सहकाऱ्यांना बाजूला सारले. त्यांच्या चरित्रातला हा डाग पुढच्या यातनांनी पुसला जात नाही. तसेच, या डागामुळे त्या यातनाही खोट्या ठरत नाहीत.

ब्रेस्लाऊजवळच्या छळछावणीतून सुटल्यावर ते बर्लिनच्या एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक झाले. खिळे जुळवणारा माणूस संसदेचे सभापतिपद भूषवून पुन्हा छापील अक्षरांपाशी आला. २० जुलै १९४४ च्या हिटलरविरोधी कटानंतर त्यांना पुन्हा पकडण्यात आले आणि ग्रोस-रोझेनच्या छावणीत धाडण्यात आले. तिथूनही ते जिवंत परतले.

७ सप्टेंबर १९४९ रोजी बॉन येथे बुंडेस्टागची पहिली बैठक भरली. ज्येष्ठ सदस्य म्हणून ती सुरू करण्याचा मान ७३ वर्षांच्या ल्योबे यांना मिळाला. गंमत अशी की, ते विभागलेल्या बर्लिनचे प्रतिनिधी होते आणि दोस्त राष्ट्रांच्या अटींमुळे बर्लिनच्या सदस्यांना पूर्ण मताधिकार नव्हता.

ज्या राज्यघटनेखाली ही संसद भरली, ती घडवणाऱ्या परिषदेतही ल्योबे होते. तिच्या ६७ व्या कलमानुसार नवा चान्सेलर निवडल्याखेरीज जुन्याला संसद काढू शकत नाही. १९३२ च्या त्या ५१२ मतांनी सरकार नाकारले होते, पर्यायी सरकार मात्र दिले नव्हते. तो अनुभव या कलमामागे आहे.

१९६७ मध्ये ल्योबे वारले. आज राइशस्टागच्या इमारतीजवळ, संसदीय समित्या जिथे बसतात त्या वास्तूला त्यांचे नाव आहे. कायद्याच्या मसुद्यातले शब्द तिथे एकेक करून तपासले जातात. जुळारी म्हणून सुरुवात केलेल्या माणसाला ही जागा शोभते.