म्हाताऱ्या घोड्याची खाज

दुबई मरीनातून शेख झायेद रोड ओलांडून थोडं आत गेलं की जेबेल अली रेसकोर्स लागतं. शेवटच्या टप्प्यातल्या दमछाक करणाऱ्या चढामुळे ते शर्यतींच्या दुनियेत प्रसिद्ध आहे. त्या चढावर जीव तोडून धावतात ते तरणे घोडे. पण घोडा चांगला सांभाळला तर 25-30 वर्षं जगतो, आणि त्यातली धावण्याची वर्षं थोडीच. निवृत्त घोड्यांच्या वाट्याला मग रायडिंग स्कूल येतं, नाहीतर एखादा हौशी मालक. शनिवारी मुलांना घोडेस्वारी शिकवायला नेणाऱ्या मराठी आईबापांनी असा एखादा शांत, पाठीत खोलगट झालेला म्हातारा घोडा नक्की पाहिला असेल.

त्याच्या अंगावर भर मे महिन्यातही लांब, कुरळे केस दिसले तर ते कौतुकाचं लक्षण नव्हे.

घोड्याच्या मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या मधल्या भागाला डोपामाइन हे रसायन लगाम घालून ठेवतं. वय वाढतं तशा हे डोपामाइन पुरवणाऱ्या चेतापेशी झिजतात. लगाम सुटला की ग्रंथीचा तो भाग फुगतो आणि एसीटीएचसारखी संप्रेरकं भरमसाट सोडू लागतो. या आजाराला पीपीआयडी म्हणतात. तबेल्यात मात्र त्याचं ‘कुशिंग’ हेच जुनं नाव चालतं. पंधरा वर्षांवरच्या घोड्यांमध्ये साधारण पाचातल्या एकाला तो आढळतो. केस झडत नाहीत, घाम वाढतो, पाठीचे स्नायू आटतात, पाणी आणि लघवी वाढते, जखमा लवकर भरत नाहीत.

मग खाज कुठून येते? बहुतेक वेळा ती थेट संप्रेरकांमुळे येत नाही. आजाराने प्रतिकारशक्ती खचते, लांब केसांखाली घाम मुरतो आणि तिथे जंतू, बुरशी, उवा नि सूक्ष्म किडे यांचं फावतं. दुबईच्या दमट उन्हाळ्यात तर अशा घोड्याचं अंग दिवसभर ओलसरच राहतं. अशा वेळी बाटलीतल्या औषधापेक्षा मोतद्दाराचा हात जास्त सांगून जातो. खरारा करताना पाठीवर बोटांना खडे लागतात. एक खपली ओढली की तिच्यासोबत केसांचा झुपका ब्रशसारखा निघून येतो आणि खाली ओलसर गुलाबी कातडी दिसते. हा बहुधा जिवाणूंचा संसर्ग. घोडा मागचे पाय आपटत असेल तर घोट्याजवळच्या केसांत माइट, म्हणजे ते सूक्ष्म किडे, शोधावेत. आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून घासून टक्कल पडलं असेल तर संशय चिलटांवर. सगळ्यांना एकच मलम चोपडणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

पहिला उपाय अगदी साधा आहे, तो म्हणजे केस कापणे. अशा घोड्याला वर्षातून एकदा नव्हे, लागेल तेव्हा क्लिपिंग करावं आणि नंतर त्याला सावलीत ठेवावं. कामानंतर घाम साध्या पाण्याने धुऊन काढावा, पाणी निथळून अंग पूर्ण कोरडं करावं. संसर्ग असेल तर क्लोरहेक्सिडिनचा शांपू लावून दहा मिनिटं तसाच राहू द्यावा. लावून लगेच धुतला तर पैसे वाया. चिलटांचा जोर पहाटे आणि संध्याकाळी असतो आणि त्यांना वाऱ्यात नीट उडता येत नाही, त्यामुळे तबेल्यातला मोठा पंखा इथे औषधाचं काम करतो. चिलटांमुळे येणाऱ्या खाजेवर जवस खायला देण्याबद्दल कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात आशादायक निष्कर्ष निघाले, पण घोडे जेमतेम सहा होते.

मूळ आजारावर पेर्गोलाइडची गोळी आहे. अमेरिकेत 2011 साली तिला घोड्यांसाठी मान्यता मिळाली. गंमत म्हणजे माणसांच्या पार्किन्सनवरचं हेच औषध तिथे 2007 मध्ये हृदयाच्या झडपांना होणाऱ्या इजेमुळे बाजारातून काढून घेतलं होतं. गोळी रोज आणि आयुष्यभर द्यावी लागते. सुरुवातीला काही घोडे खाणं कमी करतात, आणि केसांत फरक पडायला काही आठवडे, कधी महिने लागतात. गरोदर स्त्रियांनी गोळी हाताळताना हातमोजे घालावेत.

सगळ्यात सांभाळायची गोष्ट स्टेरॉइड. खाजेवर ते झटपट चालतं, म्हणून मोह होतो. पण पीपीआयडीच्या बऱ्याच घोड्यांचं इन्सुलिन आधीच बिघडलेलं असतं. त्यात स्टेरॉइडची भर पडली तर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला दाह, होण्याचा धोका वाढतो. 1997 चा दुबई वर्ल्ड कप जिंकणारा सिंगस्पील 2010 मध्ये लॅमिनायटिसनेच गेला. त्याला पीपीआयडी होता असं नव्हे. पण हे दुखणं किती क्रूर असतं ते त्यावरून कळावं. इन्सुलिन बिघडलेलं असल्यामुळेच आखाती प्रेमाचा खजूर आणि आपल्याकडचा गूळ, दोन्ही अशा घोड्यापासून लांब ठेवावेत.

तेव्हा ओळखीतला म्हातारा घोडा अंग घासत असेल, तर मलमाआधी पशुवैद्याला बोलवा, कातडीचा नमुना तपासायला सांगा आणि सोबत रक्तातलं एसीटीएच मोजून घ्या. शरद ऋतूत ते निरोगी घोड्यातही वाढतं, म्हणून अहवाल त्या महिन्याच्या प्रमाणाशी ताडून पाहायला सांगायला विसरू नका.