कावीळ उतरवण्यापूर्वी

घरातल्या साठीच्या माणसाचे डोळे पिवळे दिसू लागले, की आपल्याकडे प्रथम काय होते? गळ्यात काविळीची माळ पडते, नाहीतर कोणी हाताला चुन्याचे पाणी चोळून कावीळ उतरवून देतो. त्यात महिना निघून जातो. तो महिना किती मोलाचा असतो, तेवढेच आज सांगायचे आहे.

जठराच्या मागे सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे स्वादुपिंड असते. पाचक रस आणि इन्सुलिन ते तयार करते. यकृताकडून येणारी पित्ताची नळी त्याच्या डोक्यातून आतड्याकडे जाते. तिथे कर्करोगाची गाठ झाली, की नळी दाबली जाते. पाटात ढेकूळ अडकले की पाणी मागे तुंबते ना, तसे पित्त तुंबून रक्तात उतरते. ही कावीळ पुष्कळदा न दुखता येते. अंगाला खाज सुटते, लघवी गडद व शौच पांढरट होते, वजन घटते. पन्नाशीनंतर नवा मधुमेह जडून माणूस वाळू लागला, तर तीही खूण समजावी.

अशी प्रत्येक कावीळ कर्करोगाचीच, असे नाही बरे! पित्ताचा खडाही नळी अडवतो. पण आत पाहिल्यावाचून ते कळायचे कसे?

पहिली पायरी सोनोग्राफीची. तीत तुंबलेली नळी दिसते, पण आतड्यातल्या वायूमुळे गाठ झाकली जाऊ शकते. मग शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन काढतात. औषधाने निरोगी ग्रंथी उजळते, गाठ बहुधा काळपट राहते. अगदी लहान गाठ यातूनही निसटते. तेव्हा तोंडावाटे दुर्बीण आत नेऊन तिच्या टोकाने सोनोग्राफी करतात.

गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरली नसेल, दूर पसरली नसेल, तर ती काढता येते. अमेरिकेचे डॉ. ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली मांडलेली ही शस्त्रक्रिया पुढे सुधारत गेली. स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचा पहिला भाग आणि पित्ताशय काढून उरलेले पुन्हा जोडतात. काम अवघड, म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या, जिथे ते नेहमी होते अशाच ठिकाणी करावे. पण निदान होते तेव्हा पाचांपैकी जेमतेम एकाचीच गाठ काढण्याजोगी उरलेली असते.

मोझरीचे तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले. तेव्हा सीटी स्कॅन जगात कुठेच नव्हता. पहिला रुग्ण त्यावर लंडनला १९७१ साली तपासला गेला. आज तो अमरावतीत होतो, अकोल्यात होतो. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला महाराजांचेच नाव आहे.

तेव्हा गुरुजी, गावात कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर एवढेच सांगा: माळ घालायची तर घाला, पण त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.