कुत्र्याचा अपराधी चेहरा

घरात चपलेचे तुकडे विखुरलेले असतात. घरधनी कामावरून परत येतो. दार उघडताच त्याची दृष्टी प्रथम त्या तुकड्यांवर आणि मग कोपऱ्यातील कुत्र्यावर जाते. कुत्रा मान खाली घालतो, कान मागे पाडतो, शेपटी पायांत दडवितो आणि धन्याची नजर चुकवू लागतो. ‘पाहा, चोराच्या मनात चांदणे! आपला गुन्हा याला पुरता ठाऊक आहे,’ असे उद्गार धन्याच्या तोंडून निघतात, आणि शेजारीही माना डोलावतात.

कुत्रा हा मनुष्याचा हजारो वर्षांचा सोबती आहे. इतक्या निकटच्या सोबत्याचे मन आपल्यासारखेच असेल असे वाटणे स्वाभाविक होय. परंतु कुत्र्याने मान खाली घातली, हे डोळ्यांना दिसते. त्याला पश्चात्ताप झाला, हे दिसत नाही. ते आपण आपल्या पदरचे घालतो. शरमलेला माणूस मान खाली घालतो, म्हणून मान खाली घालणारा कुत्राही शरमलेलाच असला पाहिजे, असा हा तर्क आहे. तो पडताळून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही.

न्यूयॉर्क शहरातील बर्नार्ड कॉलेजमधील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी तो पडताळून पाहिला. त्यांचे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांनी १४ पाळीव कुत्री निवडली. धनी कुत्र्यासमोर खाऊ ठेवी, ‘हे खायचे नाही’ अशी आज्ञा करी आणि खोलीबाहेर निघून जाई. त्याच्यामागे कधी तो खाऊ कुत्र्याच्या पोटात जाई, तर कधी तो उचलून घेतला जाई. मग आत येण्यापूर्वी धन्याला सांगण्यात येई, की कुत्र्याने आज्ञा मोडली किंवा पाळली. मात्र हे सांगणे कधी खरे असे, तर कधी हेतुपुरस्सर खोटे! आज्ञा मोडल्याचे कळले तर धन्याने रागवावयाचे, आणि पाळल्याचे कळले तर प्रेमाने हाक मारावयाची, असे ठरलेले होते. कुत्र्याच्या हालचालींचे चित्रण करून नंतर ते बारकाईने तपासण्यात आले.

निष्कर्ष मोठा बोलका निघाला. खाऊ खाल्लेल्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव अधिक दिसला, असे मुळीच आढळले नाही. तो दिसला तो धनी रागावला तेव्हा. इतकेच नव्हे, तर ज्या कुत्र्यांनी खाऊला तोंडही लावले नव्हते, त्यांना रागे भरल्यावर तो भाव सर्वांत ठळक झाला. बिचारी निरपराध कुत्रीच अधिक अपराधी दिसली!

यावरून कुत्र्याला पश्चात्ताप होतच नाही, असे मात्र सिद्ध होत नाही. त्याचा चेहरा हा त्याच्या गुन्ह्याचा पुरावा नव्हे, एवढेच यातून कळते. अंग चोरणे, मान खाली घालणे, नजर वळविणे ही कुत्र्यांची समोरच्याचा राग शांत करण्याची भाषा आहे. धन्याचा चढलेला आवाज आणि ताठ झालेले शरीर त्याला तत्काळ उमगते.

पण धनी एक शब्द बोलण्यापूर्वीच कित्येक कुत्री अशी दबकतात, त्याचे काय? १९७७ साली प्रसिद्ध झालेली एक हकीकत येथे उपयोगी पडते. एका कुत्र्याला कागद फाडण्याची खोड होती. एकदा त्याच्या धन्यानेच कागद फाडून पसरले आणि तो बाहेर गेला. परत आल्यावर पाहतो तो कुत्रा नेहमीसारखाच दबकलेला! फाटलेले कागद आणि धन्याचे आगमन एकत्र आले, की बोलणी खावी लागतात, एवढेच त्याला अनुभवाने कळले होते. कागद कोणी फाडले, हा प्रश्न त्याच्या हिशेबी नव्हता.

म्हणूनच तासाभरापूर्वीच्या खोडीबद्दल कुत्र्याला मारणारा धनी मोठा अन्याय करतो. त्या माराचा संबंध कुत्रा चपलेशी जोडीत नाही. तो धन्याच्या येण्याशी जोडतो. दुसऱ्या दिवशी तो अधिकच दबकतो, आणि धन्याची खात्री होते, की आज याने नक्कीच काहीतरी केले आहे.

याउलट चूक कौतुकाच्या बाबतीतही घडते. इंग्रज शास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांचा टोनी नावाचा कुत्रा फाटकाची कडी डोक्याने उचलून बाहेर पडत असे. पाहणाऱ्यास वाटे, याने कडीची रचनाच ओळखली आहे. परंतु मॉर्गन यांनी त्याला आरंभापासून पाहिले होते. गजांतून डोके घालून रस्ता पाहताना एकदा ती कडी योगायोगाने उचलली गेली होती. त्यानंतर पुष्कळदा चुकतमाकत, सुमारे तीन आठवड्यांनी, त्याला ती युक्ती साधली. एखादे कृत्य साध्या मानसिक क्रियेने उलगडत असेल, तर त्यासाठी उच्च बुद्धीची कल्पना करू नये, असा नियम मॉर्गन यांनी १८९४ साली मांडला.

हा नियम विसरल्याने केवळ कुत्र्याचेच नुकसान होते असे नाही. लहान मूल लाडाने कुत्र्याच्या गळ्यात हात टाकते. कुत्रा तोंड फिरवितो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताही जांभई देतो आणि अंग ताठ करतो. ‘किती लाजतो पाहा,’ असे म्हणून मोठी माणसे हसतात. कुत्रा मात्र आपल्या भाषेत ‘मला सोडा’ म्हणत असतो. तरीही मिठी सुटली नाही तर तो गुरगुरतो, आणि कधी चावतोही. मग ‘काही कारण नसताना चावला,’ असे घरात सर्वजण सांगत राहतात.