शिकण्याची शैली आणि प्रश्नावली

“काका, मी डोळ्यांनी शिकणारा विद्यार्थी आहे. वर्गातली व्याख्याने ऐकून मला काही लाभ व्हायचा नाही.” अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात असलेला माझा पुतण्या मागच्या सुटीत मला सांगत होता. हा शोध त्याला इंटरनेटवरील एक प्रश्नावली भरून लागला होता.

अशा प्रश्नावल्या आज पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक विशेष प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील रसायन-अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड फेल्डर आणि मानसशास्त्रज्ञ लिंडा सिल्व्हरमन ह्यांनी १९८८ मध्ये एक उपपत्ती मांडली. तिच्या आधारे फेल्डर व बार्बरा सोलोमन ह्यांनी ४४ प्रश्न रचले. त्यांचे चार गट आहेत: स्वतः करून पाहणे की मनाशी चिंतन करणे, प्रत्यक्ष तपशील की कल्पना, चित्र की शब्द, पायरीपायरीने जाणे की एकदम समग्र पाहणे. प्रत्येक गटात ११ प्रश्न, प्रत्येकास उत्तरे दोनच. विद्यार्थ्याचा कल कोणत्या बाजूस व किती, हे संगणक क्षणार्धात दाखवितो.

श्रोतेहो, येथे ‘कल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आवड आणि कुवत ह्या भिन्न गोष्टी होत. ह्या निष्कर्षावरून एखाद्या विषयाची पात्रता ठरवू नये, असे खुद्द फेल्डर ह्यांनीच बजावले आहे. शैलीनुरूप शिकविल्याने विद्या अधिक येते काय, ह्याचा आढावा हॅरल्ड पॅश्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतला, तेव्हा त्या समजुतीला पुरेसा आधार सापडला नाही. उलट, रोडिगर व कार्पिक ह्यांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आठवड्यानंतर अधिक राहिला.

मग प्रश्नावली टाकाऊ का? मुळीच नाही. आपण कसा अभ्यास करतो, ह्याकडे विद्यार्थी तिच्यामुळे प्रथमच पाहू लागतो. वर्गातील सारी मुले एकाच साच्याची नसतात, हे प्राध्यापकालाही उमगते. मात्र पद्धत अखेर विषयानेच ठरते. नकाशा ऐकून कळत नाही आणि उच्चार नुसते पाहून साधत नाहीत.

आमच्या कचेरीत फायलीवर चिठ्ठी लावतात, ती फाईल सापडावी म्हणून. निर्णय मात्र आतले कागद वाचूनच द्यावयाचा असतो. पुतण्याला मी एवढेच सांगितले, “चिठ्ठी लाव; पण तीच वाचून फाईल बंद करू नकोस.”