बेसबॉल खेळताय? आधी किटबॅग उघडा

अमरावती-अकोल्यात बेसबॉलचं नाव काढलं की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे सॉफ्टबॉलच ना?" नाही भाऊ! सॉफ्टबॉल आकाराने मोठा आणि पिचर तो खालून टाकतो. बेसबॉल लहान, 142 ते 149 ग्रॅमचा. क्रिकेटच्या लेदर बॉलहून जरासाच हलका, आणि टप्पा न पडता थेट अंगावर येतो.

1920 मध्ये अमेरिकेत रे चॅपमन या खेळाडूच्या डोक्याला असाच बॉल लागला अन् दुसऱ्या दिवशी तो गेला. तरी तिथल्या व्यावसायिक मेजर लीगमध्ये हेल्मेट सक्तीचं व्हायला 1971 उजाडलं, तेही नव्या खेळाडूंनाच.

तिथल्या हायस्कूलांत आता दोन्ही कान झाकणारं हेल्मेट लागतं. कॅचरला मास्क, शिन गार्ड, एल गार्ड आणि चेस्ट गार्ड. 2020 पासून चेस्ट गार्ड हृदयाच्या विशिष्ट सुरक्षा मानकात बसणाराच हवा. कारण ठोक्याच्या नेमक्या क्षणी छातीवर बॉल बसला तर धडधाकट पोराचंही हृदय बंद पडू शकतं.

आपल्याकडे आणखी एक भानगड: ऊन. उन्हाळाभर स्टोअररूममध्ये तापलेल्या हेल्मेटचा आतला फोम अंगठ्याने दाबून बघा. दगडासारखा लागला, किंवा भुगा हाताला आला, तर ते हेल्मेट बाद. बाहेरून कितीही चकाचक दिसो.

आणि काळ्या मातीच्या मैदानावर भेगा, खडे बघून घ्या. जमिनीवरून सरपटत येणारा बॉल तिथेच उसळतो, तोही थेट तोंडावर.