रक्त बाहेर येत नाही तेव्हा

पंचगंगेच्या काठावर उसाला पाणी पाजणाऱ्या कोणालाही विचारा, सक्शन पाइपला भोक पडले आहे हे कसे ओळखता? पाइप गळतो आहे का ते पाहून नव्हे, कारण नदी आणि पंप यांच्या मधल्या त्या पाइपाला भोक पडले तर पाणी बाहेर येतच नाही. बाहेरची हवा आत ओढली जाते, मोटर नुसती फिरत राहते आणि पाटात पाणी पडायचे थांबते. पंपाने हवा धरली म्हणतात ते हेच. पंपाच्या पुढच्या, डिलिव्हरीच्या पाइपला भोक पडले तर मात्र कारंजे उडते आणि लांबूनही दिसते.

आपल्या हृदयालाही अशा दोन बाजू आहेत. धमन्या ही डिलिव्हरीची बाजू, शिरा ही सक्शनची. धमनी कापली तर रक्त उडते, शीर कापली तर संथपणे वाहते, असे आपण वर्गात शिकवतो. यात एक अट मात्र सांगायची राहून जाते. जखम हृदयाच्या पातळीला किंवा तिच्या खाली असली तरच हे खरे. जखम हृदयाच्या बरीच वर असेल, तर शीर सक्शन पाइपासारखी वागू शकते.

मेंदूच्या मागच्या भागातील काही शस्त्रक्रिया रुग्णाला बसते करून केल्या जातात. रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी आपोआप खाली निघून जाते, त्यामुळे शल्यविशारदाला नीट दिसते. अशा वेळी डोके हृदयाच्या २५ ते ३० सेंटिमीटर वर असते. हृदयाच्या उजव्या अलिंदातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम काही सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका जास्त असतो. त्यातून ही उंची वजा केली, की डोक्यातल्या शिरांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी निघतो. (चौकस विद्यार्थी विचारील, कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी, मग धोका कमी का? नाही. इथे आतला दाबही तेवढाच उतरलेला असतो. महत्त्व फरकाला आहे.)

मग उभे असताना डोक्याला खोक पडली तर आपण का मरत नाही? कारण शिरांच्या भिंती मऊ असतात. आतला दाब कमी झाला की त्या चपट्या होऊन मिटतात, जशी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी तोंडाने ओढली की मिटते. मेंदूभोवतीच्या मोठ्या शिरांची गोष्ट वेगळी. त्या जाड आवरणात ताणून बसवलेल्या असतात. कवटीच्या हाडातून जाणाऱ्या शिरांनाही मिटायला जागा नसते, आणि मानेच्या तळाशी आजूबाजूच्या पडद्यांनी शिरा उघड्या धरलेल्या असतात. १८१८ साली पॅरिसमध्ये खांद्याजवळची गाठ काढताना एक रुग्ण दगावला, तो याच कारणाने. या विषयावरच्या लेखनात पहिली नोंद म्हणून त्याच घटनेचा उल्लेख होतो.

येथे एक भीती दूर केली पाहिजे. सलाईनच्या नळीत हरभऱ्याएवढा बुडबुडा दिसला तरी नातेवाईक नर्सला हाका मारतात. हाका जरूर माराव्यात, पण इतक्या हवेने माणूस मरत नाही. ती फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकते आणि हळूहळू श्वासातून निघून जाते. प्रौढ माणसाला जीवघेणी ठरणारी हवा २०० ते ३०० मिलिलिटर मानतात, म्हणजे चहाचे दोन-तीन कप. तेवढी हवा आत कशी जाईल असे वाटेल. पण नेहमी दिला जाणारा हिशेब असा, की १४ नंबरच्या सुईच्या भोकातून, दाबाचा फरक पाण्याच्या फक्त ५ सेंटिमीटर इतका असला तरी, सेकंदाला सुमारे १०० मिलिलिटर हवा जाऊ शकते. म्हणजे काम दोन-तीन सेकंदांचे.

ही हवा हृदयाच्या उजव्या निलयात साठते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. निलय आकुंचन पावते, आतली हवा आणि फेस दबतो, पुन्हा फुगतो, आणि रक्त मात्र पुढे सरकत नाही. (शेतातल्या पंपात कारण थोडे निराळे आहे. तिथे हवा इतकी हलकी असते की फिरणारा पंखा तिला पाणी ओढण्याइतका रेटा देऊ शकत नाही. परिणाम एकच.) शिवाय सुमारे चारांतल्या एका माणसाच्या दोन्ही अलिंदांमधल्या पडद्यात जन्मापूर्वीची फट पूर्ण बुजलेली नसते. तिच्यातून थोडी हवा डाव्या बाजूला गेली तर ती थेट मेंदूत पोचू शकते, आणि तिथे बुडबुडा लहान म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

भूलतज्ज्ञ छातीवर डॉप्लर यंत्र ठेवून हवेचा आवाज ऐकतात, श्वासातला कार्बन डायऑक्साइड एकाएकी उतरतो का ते पाहतात. ही साधने उत्तमच, पण ती सांगतात हवा शिरल्यावर. भोक कुठे आहे ते सांगत नाहीत, आणि जखमेत पाहून ते दिसत नाही, कारण तिथून रक्त येत नसते! म्हणून एक जुनी युक्ती वापरतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा बोटांनी दाबायच्या. खाली जाणारे रक्त अडते, धमन्यांतून वर येणे चालूच असते, शिरा भरतात, आणि त्या अदृश्य भोकातून रक्त ठिबकू लागते. आता ते बुजवता येते. अडचण अशी, की शेजारीच मोठी धमनी आहे. ती दाबली गेली तर मेंदूचा पुरवठा घटतो आणि हृदयाची गतीही मंदावू शकते.

फुग्याच्या नळीची कल्पना इथे येते. टोकाशी इवलासा फुगा असलेली बारीक नळी मानेतल्या मोठ्या शिरेत सरकवून ठेवायची आणि गरज पडताच फुगा फुगवायचा. शीर आतून बंद होते, धमनीला धक्का नाही. फुग्याच्या नळ्या वैद्यकाला नव्या नाहीत. फोगार्टी यांनी १९६३ मध्ये धमनीतली गुठळी ओढून काढणारी नळी प्रसिद्ध केली होती. हवा रोखण्यासाठी असा फुगा जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या रचनेत आणि डुकरांवर तपासला, आणि हवा कमी शिरते असा निष्कर्ष २०१५ मध्ये छापला. प्रवाह थांबला की आणखी एक फायदा होतो. वाहत्या रक्ताबरोबर खाली खेचला जाणारा बुडबुडा स्थिर रक्तात वर, जखमेकडे, तरंगू लागतो.

वर्गात हे दाखवता येते. औषधाच्या दुकानातून सलाईनचा नवा सेट आणा (वापरलेला अजिबात नको) आणि त्याची दीडेक मीटर नळी कापून घ्या. टेबलावर काठोकाठ भरलेली बादली ठेवून वक्रनलिका चालू करा. बादलीबाहेरच्या भागात, पाण्याच्या पातळीच्या चार बोटे खाली, नळीला कर्कटकाच्या टोकाने भोक पाडा. पाणी गळणार नाही, बुडबुडे आत शिरतील. आता भोकाच्या खाली नळी चिमटीत घट्ट धरा. भोकातून थेंब येतील. बोटे सोडा, पुन्हा बुडबुडे. बादली म्हणजे डोक्याला होणारा रक्तपुरवठा, नळी म्हणजे शीर, चिमूट म्हणजे फुगा.

चिमूट मात्र फार वेळ धरता येत नाही. वाट बंद असेपर्यंत कवटीतला दाब वाढत राहतो, मेंदू सुजू शकतो, रक्तस्राव वाढतो. शिवाय मानेत अशा शिरा दोन आहेत आणि बसलेल्या माणसाचे बरेचसे रक्त मणक्यांभोवतीच्या जाळ्यातून उतरते. एका शिरेतला फुगा ते सगळे अडवू शकत नाही. छातीतल्या एकत्र झालेल्या मोठ्या शिरेत फुगवावा, तर हृदयाकडे येणारे रक्तच एकदम घटते. त्यामुळे बहुतेक वेळ फुगा मिटलेलाच ठेवायचा, आणि डॉप्लरचा आवाज बदलला की भोक सापडेपर्यंत, तेवढ्यापुरता, फुगवायचा.