एकोणतिसावे उड्डाण

मुलांनो, आकाशातून जाणारे विमान तुम्ही नेहमी पाहता. विमान म्हटले की आपल्याला वैमानिक आठवतो. पण दुसऱ्या महायुद्धातील मोठे बॉम्बफेकी विमान एकटा माणूस चालवू शकत नसे. त्यात सात-आठ जण असत. त्यांच्यापैकी एक चुकला, तर सर्वांच्या जिवावर बेतत असे. अशाच एका विमानाची ही हकिकत आहे.

युद्ध सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झाले. ब्रिटनला वैमानिक कमी पडू लागले. म्हणून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी एक करार केला. या करारामुळे ऑस्ट्रेलियातील अनेक तरुण आपल्या देशात पहिले धडे घेत, पुढील शिक्षणासाठी कॅनडाला जात आणि तेथून इंग्लंडला पोहोचत. घर हजारो मैल दूर राही.

रॉडन ह्यूम मिडलटन हा त्यांच्यापैकीच एक. त्याचा जन्म १९१६ साली सिडनी येथे झाला. न्यू साउथ वेल्समधील मेंढ्यांच्या विशाल कुरणांवर तो वाढला आणि मोठेपणी तेच काम करू लागला. १९४० मध्ये तो हवाई दलात भरती झाला. कॅनडात शिक्षण घेऊन पुढच्या वर्षी तो इंग्लंडला आला. तेथे त्याला स्टर्लिंग नावाचे चार इंजिनांचे विमान मिळाले.

या विमानात कोण कोण असे ते पाहा. वैमानिक आणि त्याचा मदतनीस पुढे बसत. नकाशा घेऊन वाट दाखवणारा एक, बिनतारी यंत्रावर संदेश घेणारा एक, इंजिने आणि पेट्रोल यांवर नजर ठेवणारा एक. बाकीचे मशीनगनवर. त्यांच्यापैकी शेपटीत बसणाऱ्याचे काम मला सर्वांत कठीण वाटते. कडाक्याच्या थंडीत तो तासन्‌तास एकटाच मागच्या अंधारात पाहत बसे. एकमेकांचे चेहरे दिसत नसत. कानाला लावलेल्या यंत्रातून फक्त आवाज ऐकू येई.

साधारणपणे तीस मोहिमा पुऱ्या केल्या की वैमानिकाला लढाईच्या कामातून विश्रांती मिळे. तीस हा आकडा लहान वाटतो, नाही का? पण ब्रिटनच्या बॉम्बर दलात उडणाऱ्या सुमारे १,२५,००० माणसांपैकी ५५,००० हून अधिक मेली. त्यांत ऑस्ट्रेलियाचे सुमारे ३,५०० तरुण होते. आणि ज्या शहरांवर बॉम्ब पडत, तेथे कारखान्यांबरोबर वस्त्याही जळत, हेही आपण विसरता कामा नये.

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री मिडलटन एकोणतिसाव्या मोहिमेवर निघाला. इटलीतील तुरीन शहरातील फियाट कारखान्यावर हल्ला करायचा होता. वाटेत आल्प्स पर्वत होता. बॉम्बने लादलेले स्टर्लिंग फार उंच चढू शकत नसे. सुमारे १२,००० फूट उंची गाठताना इतके पेट्रोल खर्च झाले, की परत पोहोचण्यापुरतेच जेमतेम उरले.

तुरीनवर आल्यावर कारखाना नक्की ओळखावा, म्हणून विमान शहरावरून तीन वेळा गेले. शेवटच्या खेपेला जमिनीवरील तोफांचा एक गोळा वैमानिकाच्या खोलीतच फुटला. मिडलटनचा उजवा डोळा गेला. अंगावर आणि पायावरही जखमा झाल्या. तो बेशुद्ध पडला आणि विमान वेगाने खाली येऊ लागले. जमीन अवघी ८०० फूट राहिली असताना मदतनीस वैमानिकाने ते सावरले. तो स्वतःही जखमी होता. त्याने विमान वर नेले आणि बॉम्ब टाकले.

मिडलटन शुद्धीवर आला. त्याने विमानाची सूत्रे पुन्हा हाती घेतली आणि मदतनीसाला मलमपट्टी करून घ्यायला पाठवले. समोरची काच फुटली होती. बर्फासारखा वारा आत येत होता. दिसत फारसे नव्हते, बोलले की रक्त येत होते.

आता काय करावे? फ्रान्सवर सर्वांनी पॅराशूटने उड्या मारल्या असत्या, तर जीव वाचण्याची शक्यता होती. पण फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. तेथे कैद ठरलेली. मिडलटनने इंग्लंडकडे जायचे ठरवले. आपले साथी आपल्या लोकांत उतरावेत, एवढाच त्याचा विचार होता. स्वतः वाचण्याची आशा त्याला जवळजवळ नव्हती. कारण इतर जण उड्या मारत असताना कोणीतरी विमान सरळ धरून ठेवावे लागते. ते काम वैमानिकाचे. त्यामुळे तो सर्वांत शेवटी निघतो.

चार तासांनी फ्रान्सचा किनारा आला. तेथेही तोफांचा मारा झाला. इंग्लंडचा किनारा दिसला, तेव्हा फक्त पाच मिनिटांचे पेट्रोल उरले होते. मिडलटनने किनाऱ्याला समांतर विमान धरले आणि हुकूम दिला, ‘उड्या मारा!’

पाच जण सुखरूप उतरले. दोघे मात्र त्याच्या मदतीसाठी विमानातच राहिले. थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळले. त्या दोघांचे मृतदेह दुसऱ्या दिवशी मिळाले.

जानेवारी १९४३ मध्ये मिडलटनला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते मिळालेला तो ऑस्ट्रेलियन हवाई दलातील पहिलाच सैनिक. त्या वेळीही तो समुद्रातच होता. १ फेब्रुवारीला डोव्हरच्या किनाऱ्यावर लाटांनी त्याला आणून सोडले. इंग्लंडमधील बेक रो या गावी त्याची कबर आहे.